वर्गणी

पहिल्या वर्षी डबा आला.
स्टीलचा, तीन कप्प्यांचा,
वर पातीच्या कांद्याची जुडी, पेपरात गुंडाळलेली.
बामणोदची वांगी आहेत, म्हणाला डिगंबरचा पोरगा,
उंबऱ्याबाहेरूनच.
मोटारसायकल बंदही केली नव्हती त्यानं.
भरीत चांगलं होतं.
कळण्याच्या पुऱ्या जरा मऊ पडल्या होत्या, पण चांगलं होतं.

दुसऱ्या वर्षी डबा आला.
तिसऱ्या वर्षीही आला, तेव्हा कोकिळा म्हणाली,
तुमचे दोस्त चांगले आहेत हो.
मी म्हटलं, आहेत.

त्याआधी अठरा वर्षं
सावद्यापासून रावेरपर्यंत एक मळा सोडला नव्हता मी.
खांद्यावर घड, सदऱ्यावर चीक,
तो डाग मरेपर्यंत जात नाही.
ट्रकवरून पाय घसरला, त्यात सांगण्यासारखं काही नाही.
दारू नव्हती, पाऊस नव्हता.
खाली अंथरलेली पानं ओली होती, एवढंच.

मग लोक माझ्याशी हळू बोलू लागले,
जसा काही मणका नाही, कान मोडला होता.
माझ्या तब्येतीचं कोकिळेला विचारायचे,
मी समोर बसलेलो असताना.
सुपडूनं तर पत्त्यांत मला जिंकू दिलं.
मी पाहिलं ना, गुलाम त्याच्या हातात होता.
त्या रात्री डोळा लागला नाही.

यंदा पौषात रुबाब तडवी आला.
चार वर्षं सुरतेला होता,
आता माझ्याशी कसं बोलायचं असतं
हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.
दारातूनच म्हणाला, "अडीचशे काढ."
कशाचे?
"भरताची वर्गणी. मागची माफ."

आत कोकिळेचं भांडं वाजायचं थांबलं.

मी म्हटलं, मळ्यात खुर्ची चालत नाही रे.
"खुर्चीले कोन बोलावते?"
मी आवाज खाली आणला. पिशवी असते. लघवीची.
"मंग? लटकाव बांधावरच्या बोरीले.
आमी काय अत्तर लावून येतो?"

चारीपर्यंत रिक्षा गेली.
पुढे त्यानं मला खांद्यावर घेतलं
घड घेतात तसं.
मला ठाऊक आहे ते घेणं:
मान कुठल्या बाजूला काढायची,
कुठल्या गुडघ्यावर आधी भार द्यायचा,
आणि उठताना शिवी देणं भाग असतं.
त्यानं दिली.

तुरीच्या काड्यांचा जाळ चांगला पेटला होता.
वांगी फुटत होती, धूर केळीत शिरत होता.
कुणीतरी काठवट माझ्यापुढे ढकलली,
मुसळ हातात दिलं आणि निघून गेलं.
ठेचायचं काम बसूनच करायचं असतं,
हे तीन वर्षं कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.
माझ्याही नाही.

खांदे अजून आहेत.
मी ठेचलं. पंचवीस माणसांचं ठेचलं.
आणि मीठ दोनदा पडलं.

"कोणी टाकलं रे हे?"
मी टाकलं.
डिगंबर आईवरून बोलला, चारचौघांत, मोठ्यानं.
सुपडू म्हणाला, याला पुढल्या वर्षी पाणी भरायला बसवा.
मी म्हटलं, आधी तू गुलाम लपवायला शीक.
तो माझ्याकडे बघत राहिला थोडा वेळ,
मग पुरी तोडू लागला.

खारट भरीत, सगळ्यांनी खाल्लं.

संध्याकाळी घरी आलो तर कोकिळा झोपलेली.
दुपारपासून, शेजारीण म्हणाली.
दिवा लावला नव्हता. मीही लावू दिला नाही.
रुबाब कुजबुजत म्हणाला, पैसे?
मी उशीखालून दोनशे काढून दिले.

पन्नास होते. दिले नाहीत.
उरलेले मागायला
ये म्हटलं कधीतरी.